बहिणींचा दागिना, वडिलांचं जागरण

आपल्या शहरातलं नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली सुरू केलं. ते स्वतः आपल्या पोरांएवढे होते, तेव्हा त्यांच्या घरी काय होतं?

मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. चूल, झोपणं, अभ्यास, सगळं तिथंच. वडील सुभेदार रामजी पेन्शनवर घर चालवत. ते भिवाला लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोनला, सगळं सामसूम झालं की, त्याला अभ्यासाला उठवत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जात. लेकी पैसे देत, नाहीतर अंगावरचा दागिना. तो गहाण पडे, पेन्शन आली की रामजी सोडवून आणत. १९०७ साली भिवा मॅट्रिक झाला.

गरिबी होतीच. पण घर आपल्या पाठीशी आहे, हे पोराला ठाऊक होतं. वाढत्या वयात मनाला हाच आधार लागतो.

आम्ही गटागटांत बसतो, तेव्हा मुलाच्या फीसाठी कर्जाचा अर्ज येतो, मुलीच्या नावानं मात्र लग्नाचाच. बहिणींच्या दागिन्यावर भाऊ शिकला. आता आपल्या बचतीवर बहिणीही शिकू द्या.