पुस्तकाचे दुय्यम हक्क : सही करण्यापूर्वी समजून घ्या

बडोद्यातील आपल्या अनेक मराठी घरांत कुणाचे ना कुणाचे छापलेले पुस्तक असते. आजोबांचे आत्मचरित्र, काकूंचा कथासंग्रह, एखादे बालनाट्य. प्रती विकल्या की मानधन मिळते, हे सर्वांना माहीत असते. पण त्याच मजकुराचा अनुवाद, नाटक, चित्रपट किंवा श्राव्य पुस्तक होऊ शकते आणि त्या प्रत्येकाचा हक्क स्वतंत्रपणे देता येतो, याकडे आपले लक्ष नसते. मूळ पुस्तक छापण्याच्या हक्काखेरीज असणाऱ्या या हक्कांना दुय्यम हक्क म्हणतात.

हा विषय मी शिकलो तो उशिरा. माझ्या थोरल्या बंधूंचा कथासंग्रह १९९८ साली निघाला. "पुस्तकाचे सर्व हक्क आपणास देत आहे" असे चार ओळींचे पत्र त्यांनी प्रकाशकाला सही करून दिले. २००९ मध्ये एक गुजराती अनुवादक घरी आले. "हक्क माझ्याकडे नाहीत," असे सांगून दादांनी त्यांना परत पाठवले. दादा गेल्यावर कागद लावताना ते पत्र मी वाचले. त्यात मुदतच लिहिलेली नव्हती. कायद्याप्रमाणे ते हक्क २००३ सालीच दादांकडे परत आले होते. आयुष्यभर इतरांची कर्जाची कागदपत्रे तपासली, घरातले पत्र मात्र पाहिले नाही.

कोणते हक्क?

१. अनुवाद : प्रत्येक भाषेचा हक्क वेगळा. गुजराती एकाला, हिंदी दुसऱ्याला देता येतो.
२. नाट्यरूपांतर व प्रयोग.
३. चित्रपट व मालिका : व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये, तर आनंद यादवांच्या 'नटरंग'वर रवी जाधव यांनी २०१० मध्ये चित्रपट केला. निर्माता पुष्कळदा आधी थोडी रक्कम देऊन ठरावीक काळासाठी हक्क राखून ठेवतो. तेवढ्या काळात पुढचे पाऊल पडले नाही, तर हक्क लेखकाकडे परत यावेत असे लिहून घ्यावे.
४. ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक.
५. नियतकालिकात क्रमशः प्रसिद्धी, तसेच पाठ्यपुस्तकात किंवा संकलनात उतारा.

विकणे आणि वापरायला देणे

हक्क देण्याचे दोन मार्ग आहेत. हस्तांतरण म्हणजे घराचे खरेदीखत, परवाना म्हणजे भाडेकरार. परवान्यात मालकी लेखकाकडेच राहते. दोन्ही लेखी हवेत, तोंडी शब्दावर भागत नाही. शक्य तेथे परवानाच द्यावा, असे माझे मत आहे.

कायदा काय सांगतो?

स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ मधील पुढील तरतुदी लक्षात ठेवाव्यात. त्या १९९५ नंतरच्या करारांना लागू होतात.

• करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.
• प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच दिला असे मानतात.
• घेणाऱ्याने एक वर्षात हक्क वापरला नाही, तर त्या हक्काचे हस्तांतरण रद्द झाले असे समजतात. मात्र करारात वेगळे लिहिले असेल तर ते चालते.

कलम १८ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण आले. करारावेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचा हक्क दिला असे होत नाही.

म्हणून करारात प्रत्येक हक्काचे नाव, भाषा, प्रदेश, मुदत, रक्कम आणि हिशेब देण्याची तारीख असावी. दुय्यम हक्कांचे व्यवहार प्रकाशक जुळवून देणार असेल, तर मिळकतीतील लेखकाचा वाटाही लिहावा. हे प्रमाण कायद्याने ठरवलेले नाही, ते बोलून ठरवायचे असते. "सर्व हक्क" एवढ्या दोन शब्दांवर सही करू नये.

वारसांसाठी

लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचे संरक्षण २०१० च्या अखेरीस संपले. तोवर हे हक्क घर किंवा ठेवीप्रमाणे वारसांकडे जातात. मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख करावा आणि परवानगी देणारी एकच व्यक्ती नेमावी. चार भावंडांच्या चार सह्या गोळा करताना अनुवादक कंटाळतो.

एका वहीत कोणता हक्क, कोणाला, कधी, किती काळ व किती रकमेला दिला, असे पाच रकाने आखावेत. घरात जुने करारपत्र असेल तर ते या आठवड्यात काढून तारीख आणि मुदत पाहावी. शंका असल्यास वकिलाला दाखवावे. जे परत आपले झाले आहे, ते निदान आपल्याला ठाऊक तरी असावे.