पलाई, अकोला आणि पंधराशे रुपये

8 ऑगस्ट 1960 रोजी केरळातल्या पलाई सेंट्रल बँकेचा व्यवहार थांबला. बँक गुंडाळावी, असा अर्ज खुद्द रिझर्व्ह बँकेनेच उच्च न्यायालयात केला होता. रबर-मिरीच्या मुलखात 1927 साली उभी राहिलेली ही बँक तोवर राज्यातली सर्वांत मोठी बँक झाली होती. तिचा कारभार ठीक नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या तपासण्यांत कितीतरी वर्षं दिसत होतं. ठेवीदारांना मात्र ते कळलं टाळं लागल्यावरच.

आपल्याकडे अकोल्याची लक्ष्मी बँकही त्याच वर्षी बुडाली.

बँकेतला पैसा तिजोरीत पडून नसतो, कर्जाऊ फिरत असतो. सगळे ठेवीदार एकाच सकाळी खिडकीवर आले, तर धडधाकट बँकही आडवी होते. पलाईनंतर केरळातल्या इतर बँकांसमोरही रांगा लागल्या. त्यात नवल नव्हतं. 1938 मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली होती आणि ती आठवण असलेली माणसं अजून हयात होती.

आता मात्र सरकारला घाई झाली. सप्टेंबर 1960 मध्येच कायदा बदलून, अडचणीतल्या बँकेचे व्यवहार काही काळ गोठवून ती दुसऱ्या बँकेत सक्तीने विलीन करण्याची तरतूद झाली. 1951 मध्ये देशात 566 बँका होत्या. 1969 पर्यंत त्या शंभराच्या आत आल्या. पलाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज केला की न्यायालयाने बँक गुंडाळण्याचा आदेश द्यायलाच हवा, ही कायद्यातली तरतूद 1962 मध्ये बहुमताने वैध ठरली.

सामान्य ठेवीदाराच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच होती. 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विमा मिळाला. संरक्षण 1500 रुपयांपर्यंत; हप्ता शंभर रुपयांना वर्षाला पाच पैसे, तोही बँकेने भरायचा. म्हणजे बुडालेल्या बँकेत कुणाचे चार हजार असतील, तर दीड हजारांचीच हमी. ही कल्पना 1948 च्या बंगालमधल्या बँकांच्या पडझडीच्या वेळीच पुढे आली होती. कायदा व्हायला आणखी दोन बँका बुडाव्या लागल्या.

पुढेही हीच रीत राहिली. सहकारी बँकांना हे छत्र 1971 पासून मिळू लागलं. 1993 मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं अडकली. महागाई कुठल्या कुठे गेली, लाख लाखच राहिले. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढता येणार होते. मुंबईत शाखांबाहेर लोक रडत उभे होते. त्यानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये मर्यादा पाच लाख झाली, आणि निर्बंध आलेल्या बँकेतली विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याचा कायदा 2021 मध्ये झाला. पलाईच्या वेळची दिरंगाई साठ वर्षांनी पुन्हा केली, असंच म्हणावं लागतं.

हे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून आहेत. एकाच बँकेच्या पाच शाखांत पाच खाती काढली, तरी हिशेब एकत्रच होतो. आणि गल्लीतल्या पतसंस्थेत ठेव असेल, तर एवढं लक्षात ठेवा: तिला हा विमा लागू नाही.