अमर पेशींची वंशावळ

टोपी बाजारात बसून बाल्टिमोरची गोष्ट सांगणे म्हणजे थोडे धाडसच. पण वाटेत पुणे आणि परळ लागतात, म्हणून सांगतो.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. लग्नानंतर त्या रणदिवे झाल्या. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय (आडनावच तसे, हसू नये) यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या, त्या आजतागायत वाढत आहेत. बाई मात्र त्याच ऑक्टोबरात वारली, वय ३१. रणदिवे यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

साधी मानवी पेशी काचेच्या भांड्यात सुमारे पन्नास वेळा दुभागते आणि थांबते. मग या का थांबत नाहीत? १९८० च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला त्यांच्या गुणसूत्रांत पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराचा डीएनए सापडला. त्याची दोन प्रथिने पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनांना निकामी करतात. पहारेकरीच झोपले, मग वाडा कोणाचा!

रोग्याच्या शरीरात जे अनर्थ करते तेच पुढे मुद्दाम वापरात आले. एपस्टाइन-बार विषाणू रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशींना असेच अमर करतो. पोथीची नक्कल करून ठेवावी, तसा चमचाभर रक्तातून एका माणसाचा डीएनए हवा तितका मिळतो. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठी हंटिंग्टन रोगाने ग्रासलेली मोठी कुटुंबे होती. संशोधकांनी त्यांची वंशावळ मांडली, रक्तातून पेशी जपल्या. १९८३ साली दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले, १९९३ साली जनुकच हाती आले.

हे आपल्या दाराशी का आणतो? इथे आपली घरे मोजकी, सोयरीक फिरून त्याच घरांत. मामेबहिणीशी लग्न कित्येकांत रूढ. आईबापांकडून एकच सदोष जनुक येण्याचा संभव अशा ठिकाणी वाढतो. उद्या आपल्याकडेही कोणी रक्त मागेल. द्यावे, असेच माझे मत. पण पेशी किती काळ ठेवणार, कोणाला देणार, हे विचारून. लॅक्सबाईंना कोणी विचारले नव्हते. घरच्यांना १९७३ पर्यंत पत्ताच नव्हता. त्या पेशी विकणाऱ्या एका कंपनीशी वारसांची तडजोड जाहीर झाली ती १ ऑगस्ट २०२३ ला, बाईच्या १०३ व्या वाढदिवशी.