वसिष्ठाचे वासरू आणि जनकाचे दही

भवभूतीचे 'उत्तररामचरित' आपण शिकतो, शिकवतो ते करुणरसाचे नाटक म्हणून. छायासीतेचा तिसरा अंक झाला की प्राध्यापकांचा गळा भरून येतो, आणि चौथ्या अंकाच्या आरंभीचा विष्कंभक 'हलकाफुलका प्रवेश' या एका शेऱ्यावर उरकला जातो. भारतीय समाजाच्या आहारविषयक नीतीचा विचार करू पाहणाऱ्याने मात्र या चिमुकल्या प्रवेशापाशी पुष्कळ वेळ थांबावे, असे आमचे मत आहे.

प्रवेश वाल्मीकींच्या आश्रमातला. थोर पाहुणे आले आहेत, म्हणून अनध्याय आहे. सुट्टी मिळाल्याने शिष्य खुशीत आहेत. आरंभीच भवभूती आश्रमाच्या स्वयंपाकघराचा वास आपल्यापर्यंत पोचवतो. देवभाताची ऊन ऊन पेज नुकत्याच व्यालेल्या हरिणीने प्यायली आहे, आणि तिच्यापुढची उरलेली पेज तिचा हरिण पितो आहे. तुपाळ भाताच्या वासामागून बोरे घालून शिजणाऱ्या भाजीचा वास दरवळतो आहे. असे हे अहिंसक, जवळजवळ माहेरासारखे वातावरण. आणि लगेच सौधातकी नावाचा खट्याळ शिष्य आपल्या सोबत्याला, दांडायनाला, विचारतो की हा दाढीवाला पाहुणा कोण? कोण असणार, भगवान वसिष्ठ! सौधातकी म्हणतो, मला तर वाटले एखादा वाघ किंवा लांडगा असावा. कारण तो आला आणि ती बिचारी कपिला कालवड मोडून फस्त झाली. येथे त्याने वापरलेले प्राकृत क्रियापद नादानुकारी आहे. त्यात हाडे मोडल्याचा आवाज ऐकू येतो. पोटच्या बाळंतिणीला जपावे तशी हरिणीला जपणाऱ्या आश्रमात हा आवाज आला आहे, हे भवभूतीला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

दांडायन संस्कृतात उत्तर देतो, आणि शास्त्रार्थाचे उत्तर देतो. श्रोत्रिय पाहुणा घरी आला की गृहस्थाने त्याला कालवड, बैल किंवा बोकड अर्पण करावा. मधुपर्क मांसासहित असावा असे वेदवचन आहे आणि धर्मसूत्रकारांनाही ते मान्य आहे. सौधातकी त्याला लगेच पेचात पकडतो. मग आजच आलेल्या राजर्षी जनकाला वाल्मीकींनी नुसत्या दह्यामधाचा मधुपर्क का दिला? त्याच्यासाठीची कालवड तर सोडून दिली! दांडायनाचे उत्तर असे की तो विधी ज्यांनी मांस वर्ज्य केलेले नाही त्यांच्यासाठी. जनकाने ते वर्ज्य केले आहे. का केले? सीतेवर कोसळलेला दैवदुर्विपाक ऐकून तो वानप्रस्थ झाला, म्हणून.

एवढाच प्रवेश. आठव्या शतकातल्या या नाटककाराने आपले घराणे विदर्भातल्या पद्मपुराचे, तैत्तिरीय शाखेचे, सोमयाग करणाऱ्यांचे म्हणून सांगितले आहे. मधुपर्काचा विधी त्याला ऐकून माहीत होता असे नव्हे, तो त्याच्या घरच्या विद्येचा भाग होता. तरीही वसिष्ठाला लांडगा म्हणण्याची मुभा त्याने एका प्राकृत बोलणाऱ्या पोराला दिली आणि शास्त्राचा पक्ष संस्कृत बोलणाऱ्याकडे ठेवला. नाटकात कोणीही सौधातकीला गप्प करीत नाही. आणि वसिष्ठाला कोणी कमी लेखत नाही. एकाच आश्रमात, एकाच दिवशी, दोन पाहुण्यांना दोन निराळी ताटे वाढली गेली, आणि दोघांचाही मान राहिला.

जनकाच्या त्यागाचे कारण आम्हाला विशेष वाटते. तो कोणत्याही पोथीच्या आज्ञेने मांस सोडत नाही. मुलीच्या दुःखाने सोडतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही हीच दुपेडी भूमिका दिसते: मांसभक्षणात दोष नाही असे एकीकडे म्हटले आहे, आणि निवृत्तीचे फळ मोठे आहे असे त्याच श्वासात. निवृत्ती हा शब्द महत्त्वाचा. जो खाऊ शकतो त्याने न खाणे, म्हणजे निवृत्ती. ती व्यक्तीची असते; जन्माने मिळत नाही. अशोकाच्या पहिल्या शिलालेखातही हीच वाटचाल दिसते, आणि तीही फार प्रामाणिकपणे नोंदलेली. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता फक्त तीन, दोन मोर आणि एक हरिण, हरिणही नेहमी नाही. पुढे हेही मारले जाणार नाहीत. सम्राटाने आपल्या ताटातले दोन मोर दगडावर कोरून जगजाहीर करावेत, याचे आम्हाला आजही नवल वाटते. आजचा कोणताही सत्ताधीश असा अपुरा हिशेब प्रसिद्ध करील काय? असो.

पुढे काय झाले हे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना सांगायला नको. मधुपर्कातील गोवध कलिवर्ज्यांच्या यादीत गेला. एके काळी धर्म्य असलेली गोष्ट नाकारायची, पण ती धर्म्य होती हेही नाकारायचे नाही, यासाठी निबंधकारांनी शोधलेली ही युक्ती मोठी शहाणपणाची होती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सारे निःसंकोचपणे मांडले. पण व्यवहारात निवृत्तीची जागा हळूहळू जातीने घेतली. कोकणात मासे खाण्यावरून सारस्वतांचे षट्कर्माधिकार नाकारले गेले, त्यांना त्रिकर्मी म्हटले गेले. म्हणजे ताटातला बांगडा पाहून वेदाचा अधिकार ठरू लागला. मराठीत आजही 'आमच्याकडे चालत नाही' असे म्हणतात. 'मी सोडले आहे' असे क्वचितच ऐकू येते. अपवाद माळकऱ्यांचा. तुळशीची माळ घालणारा वारकरी कोणत्याही जातीचा असो, तो स्वतः सोडतो. जनकाची परंपरा या भूमीत कोणी राखली असेल तर त्यानेच.

गोव्यातल्या साखवाळीत 1876 साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे याच माशांवरून हिणवल्या गेलेल्या समाजातले. त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावा येथे चुंद लोहाराने बुद्धाला वाढलेले 'सूकरमद्दव' म्हणजे काय, हा तो जुना प्रश्न. बुद्धघोषाने त्याचा अर्थ डुकराचे मांस असा दिला आहे, आणि इतरांची मतेही नोंदली आहेत. कोणी दुधातुपातला मऊ भात म्हटले, कोणी रसायन. दुसऱ्या एका अट्ठकथेत बांबूचे कोंब आणि अळंबीही आली आहेत. कोसंबी अळंबीच्या आडोशाला गेले नाहीत. स्वतःसाठी मारलेले पाहिले, ऐकले वा शंकिले नसेल तर भिक्षूने मांस घ्यावे, हा विनयाचा नियम. आणि भिक्षूंना मांसमत्स्य सर्वस्वी वर्ज्य करा ही देवदत्ताची मागणी बुद्धाने नाकारली, हेही विनयपिटकातलेच. प्राचीन जैन श्रमणांच्या आहाराविषयीही त्यांनी आगमांतले उतारे घेऊन लिहिले, आणि त्यावर जैन समाजातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. ज्यांना हा खोडसाळपणा वाटला त्यांनी त्यांचा 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' वाचावा. पार्श्वनाथाविषयी इतक्या आदराने लिहिणाऱ्या या माणसाने 1947 च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. पूर्वजांच्या ताटात काय होते हे सांगणे म्हणजे त्यांचा अपमान करणे, असे त्यांना कधीच वाटले नाही.

मात्र या साऱ्या चर्चेत एक ताट कोणी वाढलेच नव्हते. वसिष्ठाला कोवळी कालवड मिळाली, जनकाला दही मिळाले. गावाबाहेरच्याला मेलेले ढोर मिळाले, आणि ते ओढून नेण्याचे कामही. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यात जीवदयेचा प्रश्न नव्हता. जनावर तर आधीच मेलेले. तेथे सोडायची होती ती लाचारी. पुढे 1948 साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या मीमांसेत त्यांनी गोमांसभक्षणालाच अस्पृश्यतेच्या उगमाशी जोडले. हा सिद्धांत सर्वांना पटेल असे नाही, पण तो मांडताना त्यांनी साक्षीला बोलावले ते ब्राह्मणग्रंथ, गृह्यसूत्रे आणि काणे! ज्या पोथ्यांनी वसिष्ठाचा मधुपर्क सांगितला, त्याच पोथ्या.

2015 साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा अंमलात आला. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या खाण्याची ही नोंद. तेल, तूप, दूध यांची चैन ज्या चुलींना परवडत नव्हती त्यांवर काय शिजत असे, कोणता भाग वाळवून ठेवत, तो कसा रांधत, हे त्यात पाककृतींसह आले आहे. मराठी पाकशास्त्राची कपाटे 'पूर्णब्रह्मा'ने भरलेली असताना लेखकाने शीर्षकात एक 'अ' वाढवला. मराठीच्या वर्गात हे पुस्तक 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकाशेजारी ठेवून शिकवावे, अशी आमची सूचना आहे. सौधातकीचा प्रश्न तेव्हा कोणी तरी पुन्हा विचारील, आणि या वेळी उत्तर द्यायला दांडायन एकटाच बसलेला नसेल.