एकाच वर्गात वेगवेगळी मुलं: समावेशक अध्यापन म्हणजे काय आणि ते कसं करतात?

चौथीच्या एखाद्या वर्गात डोकावलं तर काय दिसतं? कुणी धडा घडाघडा वाचतं, कुणी जोडाक्षरावर अडतं. कुणाला फळ्यावरचं अंधूक दिसतं. कुणाच्या घरी कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलतात, त्यामुळे पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. कुणी ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर चार-पाच महिने गावाबाहेर राहून आलेलं असतं. या सगळ्यांना एकच धडा एकाच पद्धतीने शिकवला, तर काही मुलं मागे पडतात आणि त्यांच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसतो. हे टाळण्यासाठी समावेशक अध्यापन आहे.

समावेशक अध्यापन म्हणजे काय?

मुलाने वर्गाशी जुळवून घेण्याऐवजी शिकवण्याची पद्धत मुलांप्रमाणे बदलणं, म्हणजे समावेशक अध्यापन. दिव्यांग मुलाला नुसता प्रवेश देऊन मागच्या बाकावर बसवलं, तर त्याला समावेशन म्हणता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधली व्याख्याही हेच सांगते: दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतील आणि अध्यापनाची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदललेली असेल.

कायदा काय सांगतो?

1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचाही समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारीही याच कायद्याने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे.

प्रत्यक्ष वर्गात हे कसं करतात?

‘सार्वत्रिक अध्ययन आराखडा’ या नावाची एक पद्धत जगभर वापरली जाते. तिची तीन सूत्रं आहेत: माहिती एकापेक्षा जास्त मार्गांनी द्या, उत्तर देण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त ठेवा आणि मुलांची गोडी टिकवण्याचे मार्गही वेगवेगळे ठेवा.

उदाहरण म्हणून अपूर्णांकाचा पाठ घेऊ. ‘पाव’ शिकवताना भाकरीचे चार सारखे भाग करून दाखवता येतात. मुलं कागदाच्या घड्या घालतात. दृष्टिहीन मूल तीच घडी बोटांनी चाचपून मोजतं. मग फळ्यावर चित्र आणि शेवटी 1/4 ही खूण. उत्तर कुणी लिहून देतं, कुणी तोंडी सांगतं, कुणी घडी घालून दाखवतं. पाठ एकच राहतो, पण त्यात शिरायच्या वाटा अनेक होतात.

आणखी काही सोपे उपाय:

• कमी ऐकू येत असेल तर: फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मुलाला शिक्षकांचे ओठ आणि चेहरा दिसायला हवा.

• कमी दिसत असेल तर: पुढची जागा, मोठी ठळक अक्षरं आणि फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणं.

• लक्ष लवकर उडत असेल तर: एका वेळी एकच सूचना, कामाचे छोटे टप्पे, मध्ये हालचालीची संधी.

• घरची भाषा वेगळी असेल तर: नवा शब्द मुलाच्या भाषेत काय म्हणतात ते विचारून दोन्ही शब्द फळ्यावर लिहिणं.

• वाचनात मागे असेल तर: रोज थोडा वेळ इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करणं. 1995 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. हे गट कायमचे नसतात. मूल पुढे गेलं की गट बदलतो.

आळस की अडचण?

घ-ध, भ-म, प-ष यांत सुरुवातीला बहुतेक मुलं गोंधळतात. पण पुरेसा सराव होऊनही गोंधळ कायम राहिला, तोंडी उत्तर चोख आणि वहीत मात्र काहीच नाही असं दिसलं, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्याची डिस्ग्राफिया आणि आकडेमोडीची डिस्कॅल्क्युलिया. यांचा बुद्धिमत्ता कमी असण्याशी संबंध नाही. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती नियमांनुसार मागता येतात.

इतर मुलांचं नुकसान होतं का?

पालकांना ही शंका येतेच. पण चित्र, वस्तू, छोट्या सूचना यांचा फायदा सगळ्यांनाच होतो. जिन्याशेजारी केलेला उतार व्हीलचेअरसाठी असला, तरी बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईलाही तो उपयोगी पडतो, तसंच हे आहे. मित्राला समजावून सांगणाऱ्या मुलाचाही धडा पक्का होतो.

अडचण कुठे आहे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. जिथे एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात किंवा विशेष शिक्षक क्वचितच येतात, तिथे केवळ शिक्षकांच्या सदिच्छेवर हे काम चालत नाही. त्यासाठी प्रशिक्षण, साहित्य आणि पुरेसे शिक्षक लागतात.

पालकांना मात्र एक गोष्ट आजच करता येते. शिक्षकांना भेटल्यावर ‘किती मार्क पडले?’ याआधी ‘तो नेमका कुठे अडतो?’ हे विचारायचं. त्या उत्तरावरून त्याला कोणती मदत लागेल, हे ठरवता येतं.