सिस्को सिस्टिम्स
सिस्को सिस्टिम्स : संगणकजालांची साधने तयार करणारी अमेरिकन कंपनी. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकव्यवस्था सांभाळणारे लेनर्ड बोझॅक व त्यांच्या पत्नी सँडी लर्नर यांनी ती १९८४ मध्ये स्थापन केली. त्या काळी निरनिराळी संगणकजाले भिन्न संकेतनियमांनी चालत. त्यामुळे एकाच संस्थेच्या दोन विभागांतही माहितीची देवघेव अवघड होई. ही अडचण राउटर या साधनाने दूर झाली. जालांच्या संधिस्थानी बसविलेला राउटर प्रत्येक संदेशखंडावरील पत्ता वाचतो व तो खंड योग्य मार्गाने पुढे पाठवितो.

सिस्कोच्या आरंभीच्या राउटरमधील आज्ञावलीचा पाया विल्यम येगर यांनी विद्यापीठातच घातला होता. साहजिकच विद्यापीठात सिद्ध झालेल्या या कामावर हक्क कोणाचा, असा वाद उद्‌भवला. परिणामी १९८६ मध्ये बोझॅक यांना विद्यापीठाची नोकरी सोडावी लागली. १९८७ मध्ये विद्यापीठाने कंपनीला रीतसर परवाना दिला. कंपनीचे भाग १९९० मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी लर्नर यांना कंपनीतून काढण्यात आले व बोझॅकही बाहेर पडले.

जाले जोडली गेली, तशी परक्यांना आत शिरण्याची वाटही खुली झाली. म्हणून १९९५ मध्ये सिस्कोने ‘पिक्स’ ही फायरवॉल बनविणारी कंपनी विकत घेतली. पुढे दूरस्थ बैठकांसाठी वेबेक्स (२००७) आणि सुरक्षाविषयक माहितीच्या विश्लेषणासाठी स्प्लंक (२०२४) या कंपन्या तिने घेतल्या. मार्च २००० मध्ये बाजारमूल्याच्या दृष्टीने ती काही काळ जगात अग्रस्थानी होती. या व्यापारी यशाचे मूळ मात्र विद्यापीठीय संशोधनात होते.