आखूड दांडा

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, एवढंच आम्ही झेडपीच्या शाळेत शिकलो. आईच्या कामालाही इतिहास असतो हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही परमुलखात. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहायला गेले. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग असत. ‘एथ्निक स्टडीज’ हा विषय मी घेतला, कारण त्याची वेळ सोयीची होती.

अमेरिकेतले आदिवासी, कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई यांचा इतिहास म्हणजे हा विषय. तोही कुणी आपणहून दिलेला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या पोरांनी 6 नोव्हेंबर 1968 ला संप पुकारला. लाठ्या खाल्ल्या, अटका झाल्या. 20 मार्च 1969 ला संप मिटला तेव्हा या विषयाचा स्वतंत्र विभाग पदरात पडला होता.

आमचे सर मेक्सिकन शेतमजुरांच्या घरातले. तिथं मास्तरांना नावानं हाक मारायची रीत, पण माझ्या तोंडून ‘सर’च यायचं. पहिल्याच आठवड्यात एक गोरा पोरगा उसळून म्हणाला, “जुन्या लोकांनी केलं, त्यात माझा काय दोष?” सर शांतपणे म्हणाले, “दोष मागितलाच नाही. तुझे पणजोबा काय काम करायचे, तेवढं विचारून ये.” पोरगा विचारून आला. 1930 च्या दशकातल्या दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत ओक्लाहोमातलं शेत सोडून पणजोबा इकडे आले होते. तंबूत राहून कापूस वेचायचे. पोराला हे घरी कुणी सांगितलंच नव्हतं.

एके दिवशी सरांनी वर्गात एक कुदळ आणली. दांडा हातभरसुद्धा नाही. स्पॅनिशमध्ये तिला ‘एल कोर्तितो’ म्हणतात, म्हणजे आखूडशी. लेट्युस आणि बीटची विरळणी करताना मजुरांनी दिवसभर कमरेत वाकून ती चालवायची. लांब दांड्यानं पिकाची नासाडी होते, असं मालक सांगत. आखूड दांड्याचा आणखी एक फायदा होता: कुणी कंबर सरळ केली की मुकादमाला लांबूनच दिसायचं. पाठी कायमच्या निकामी झाल्या. मजूर कोर्टात गेले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि 1975 साली ती कुदळ बंद झाली.

मग सरांनी सगळ्यांनाच काम दिलं: घरातल्या थोरल्या माणसाला त्याच्या अवजाराबद्दल विचारा.

मी आईला फोन लावला. आई-बाबांनी बीडहून पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर वीसेक हंगाम ऊस तोडला. आई म्हणाली, “त्यात काय लिव्हायचं बाई? समदं गावच जातंय की.” पण बोलायला लागली आणि थांबेना. दिवाळीआधी मुकादमाची उचल, पाचटाची कोपी, पहाटे थंडीत फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. “तू झाली तवा बाराव्या दिशी फडात होते,” हेही तिनं त्याच सुरात सांगितलं. इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं.

वर्गात मी सांगितलं, “आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल ठरते ती कोयत्यावर. एकटा असेल तर अर्धा कोयता.” मागच्या बाकावरची एक मेक्सिकन मुलगी लगेच म्हणाली, “माझे आजोबा ब्रासेरो होते.” 1942 ते 1964 या काळात सरकारी करारानं मेक्सिकोतून लाखो मजूर आणले गेले, ते ब्रासेरो. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे हात. तिकडे माणसाचा हात मोजला, इकडे कोयता. सरांनी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले. ‘कोयता’ मी देवनागरीत लिहून दाखवला, तो त्यांनी चुकत-माकत गिरवला.

त्या रात्री आईला कुदळीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, “दांडा लांब झाल्यावर त्यांच्या पाठी दुखायच्या थांबल्या का गं?”

मी म्हटलं, “थोड्या थांबल्या. पण स्ट्रॉबेरी अजून वाकूनच तोडतात.”

“हां,” आई म्हणाली, “मग मिटलं न्हाई अजून.”